स्पेनचे खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गप्प का उभे असतात?

तुम्ही विचारलंय, वर्ल्डकपमध्ये बाकीचे संघ घसा ताणून राष्ट्रगीत म्हणतात आणि स्पेनवाले ओठ मिटून उभे असतात, तर त्यांना देशाबद्दल काही वाटत नाही का?

वाटतं की! पण म्हणायला शब्दच नाहीत, तर म्हणणार काय? स्पेनचं राष्ट्रगीत 'मार्चा रेआल' ही नुसती धून आहे. प्रेक्षक हौसेने तिच्यावर 'लो लो लो' करतात, तेवढंच.

मात्र शब्द कुणी लिहिलेच नाहीत असं समजू नका. लिहिले, आणि दर वेळी ते कुणा एका गटाचेच निघाले.

धून मूळची पायदळाची. १७६१ च्या लष्करी वादनाच्या पुस्तकात ती सापडते. १७७० मध्ये राजा कार्लोस तिसरा याने तिला मानाचं स्थान दिलं. म्हणजे ती राजाची धून. त्यामुळे १९३१ मध्ये राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आलं, तेव्हा तीही गेली. तिच्या जागी आलं 'रिएगोचं गीत'. हा रिएगो म्हणजे १८२० मध्ये राजाच्या मनमानीविरुद्ध बंड करणारा लष्करी अधिकारी, पुढे फासावर गेलेला. मग यादवी पेटली, आणि १९३७ मध्ये पुढे हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोने आपल्या ताब्यातल्या भागात जुनी धून परत आणली. पेमान या राजनिष्ठ कवीचे शब्द तिच्यावर शाळाशाळांतून म्हटले जाऊ लागले. सुरुवात 'व्हिवा एस्पान्या', म्हणजे स्पेनचा जयजयकार, आणि लगेच पुढे हात उंच करण्याचं आवाहन. त्या काळात उंचावलेला हात म्हणजे फॅसिस्टांचा सलाम, हे सांगायला नको.

१९७५ मध्ये फ्रँको गेला. राजेशाही परतली; धून राहिली, शब्द गळाले. १९७८ च्या राज्यघटनेत झेंडा आहे, भाषा आहेत, राष्ट्रगीताचा उल्लेखही नाही. १९९७ च्या शाही फर्मानाने मात्र सगळं मोजून मापून ठरवलं: पूर्ण धून ५२ सेकंदांची, छोटी २७ ची. (आपलं 'जन गण मन'ही साधारण ५२ सेकंदांचंच. निव्वळ योगायोग.)

माझ्या मते सगळ्यात बोलका प्रसंग २००८ चा. खेळाडूंची ही पंचाईत पाहून स्पेनच्या ऑलिंपिक समितीने शब्दांसाठी स्पर्धा घेतली. हजारो प्रवेशिका आल्या. निवडलं गेलं ते ला मांचा भागातल्या एका बेरोजगार गृहस्थांचं गीत. प्लासिदो दोमिंगोसारखा गायक ते गाणार होता. शब्द बाहेर फुटले, आणि पहिलीच ओळ 'व्हिवा एस्पान्या'! पुढे वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गाण्याची गोष्ट होती, पण तिथपर्यंत वाचतंय कोण? चारपाच दिवसांत समितीने ते गुंडाळून ठेवलं. हा कवीचा दोष मला वाटत नाही. देशाचा जयजयकार कुठल्याही राष्ट्रगीतात असतोच. इथे तो चाळीस वर्षं एकाच माणसाने, फ्रँकोने, वापरून संपवला होता.

तरी नुसती धूनही भांडणं लावते. २००३ च्या डेव्हिस कप टेनिसच्या अंतिम सामन्यात मेलबर्नला वादकाने चुकून 'रिएगोचं गीत' वाजवलं, तर स्पेनचे क्रीडा सचिव जाम भडकले. २००९ मध्ये फुटबॉलच्या राजाच्या चषकाची अंतिम लढत कॅटलोनियाचा बार्सेलोना आणि बास्क प्रदेशाचा बिलबाओ या संघांत झाली. दोन्हींकडचे समर्थक धून सुरू होताच शिट्ट्या मारू लागले, कारण कॅटलन आणि बास्क लोकांपैकी अनेकांच्या कानाला ती आजही माद्रिदच्या सत्तेची धून आहे. सरकारी वाहिनीने तो भाग थेट दाखवलाच नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की वाहिनीच्या क्रीडाप्रमुखाचं पद गेलं.

कॅटलोनियाचं स्वतःचं गीत आहे, शब्दांसकट: १६४० मध्ये माद्रिदविरुद्ध उठलेल्या कापणीवाल्या मजुरांचं. बास्कांची गंमत वेगळीच. त्यांनी १९८३ मध्ये कायदा करून आपलं गीत ठरवलं, पण जुन्या चालीवरचे प्रचलित शब्द होते बास्क राष्ट्रवादी पक्षाच्या संस्थापकाचे. बाकीच्या पक्षांना ते कसे चालणार? म्हणून त्यांनीही नुसती चाल घेतली.