विशेषणं जरा बाजूला ठेव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही शांतपणे वाचली. अक्षर सुरेख, मांडणी मुद्देसूद. परीक्षेत गुण मिळतील, त्याची मला काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीवर तू पानंच्या पानं लिहिलीस, पण त्यात तिची नायिका यमू मला कुठे भेटलीच नाही. 'सोशिक, प्रेमळ, समंजस' ही विशेषणं भेटली. 'तत्कालीन स्त्रीजीवनाची शोकांतिका' हे आशयसूत्र भेटलं. ही वाक्यं कादंबरी न उघडताही लिहिता आली असती. तू ती उघडली आहेस आणि रडलीही आहेस, हे त्या दिवशी हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या पायऱ्यांवर तू ज्या तावातावानं यमूच्या सासरच्या शंकरमामंजींबद्दल बोललीस त्यावरून मला माहीत आहे. मग लिहायला बसल्यावर ते वाचन जातं कुठे?

मला वाटतं, तू फार लवकर निकाल देतेस. पात्र कसं आहे आणि साहित्यकृतीचा आशय काय, हे ठरवायची घाई करतेस. त्याआधीचा एक प्रश्न राहून जातो: हे सगळं कोण सांगतंय, आणि सांगताना त्या माणसाला काय काय माहीत आहे?

यमूचंच घे. हरिभाऊंनी ही कादंबरी आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः छापली, पुस्तक १८९३ साली आलं. कथा यमू स्वतः सांगते, आणि सांगते ती सगळं होऊन गेल्यावर. नवरा गेलाय, केस गेलेत, आणि मग ती बालपणापासून सुरुवात करते. हे ध्यानात ठेवून मुंबईची प्रकरणं पुन्हा वाच. तिचे यजमान रघुनाथराव तिला शिकवतात, दोघं मोकळेपणी बोलतात, ओळखीची सुधारक मंडळी भेटतात. तू या भागाला 'सुखाचे दिवस' म्हणून दोन ओळीत संपवलंस. पण पुढे काय होणार हे ठाऊक असलेली बाई या दिवसांना इतकी जागा का देते, इतक्या बारकाव्यानं का सांगते? मला ती प्रकरणं पुस्तकातली सर्वांत जळजळीत वाटतात. असा संसार शक्य होता, कुणाच्या स्वप्नात नव्हे, मुंबईतल्या एका बिऱ्हाडात तो चालू होता, हे ती दाखवून देते. त्यामुळे 'बायकांना फार सोसावं लागे' एवढ्यावर ही कादंबरी थांबत नाही. शक्य असलेलं आयुष्य हिसकावलं गेलं, असा तिचा आरोप आहे. आरोप आणि रडगाणं यांत फार फरक असतो, आणि तुझ्या उत्तरात तो फरक दिसायला हवा.

शंकरमामंजींना तू 'खलनायक' म्हणून मोकळी झालीस. तो दुष्ट आहेच, त्यात वाद नाही. पण एकटा दुष्ट माणूस एवढं करू शकत नाही. तो बोलतो तेव्हा खोलीत आणखी कोण आहे, ते काय बोलतात आणि कुठल्या क्षणी गप्प बसतात, ते पान उलटून बघ. कादंबरीच्या नावातला प्रश्न त्याला विचारलेला नाही. त्याच्या आजूबाजूच्यांना विचारलाय. आणि दुर्गीला तू एकच ओळ दिलीस, याचं मला खरंच वाईट वाटलं. यमूची मैत्रीण, त्याच काळातली, पण नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. या दोघींना शेजारी शेजारी बसवून वाचलंस तर हरिभाऊंनी दोन मुली का घडवल्या ते आपोआप उमगेल. दुय्यम पात्रं मुख्य पात्रावर उजेड टाकायला असतात, हे वर्गात आपण म्हणतो. तो उजेड नेमका कुठल्या प्रसंगात पडतो ते मात्र लिहायचं राहतं.

म्हणून यापुढे विशेषण सुचलं की वहीच्या समासात लिही, उत्तरात नको. उत्तरात त्या माणसानं कुणासमोर, कुठल्या अडचणीत काय केलं ते लिही. एवढं नीट लिहून झालं की समासातलं विशेषण बहुधा अपुरं वाटायला लागतं.

'बनगरवाडी'च्या बाबतीत ही सवय तुला फार उपयोगी पडेल. व्यंकटेश माडगूळकरांचं ते १९५५ सालचं पुस्तक. मुलूख माणदेशाचा, आपल्या सांगोला-माळशिरसला लागून असलेला. सांगणारा तरुण मास्तर परका आहे. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, धनगरांच्या मनात तो परस्पर शिरत नाही. वाडीच्या कारभाऱ्याला तू 'सज्जन पण संशयी' असं लिहिलंस. जो म्हातारा मास्तरच्या पाठीशी उभा राहतो, त्याच्याच मनात मुलीवरून, अंजीवरून, किल्मिष येतं. तेव्हा त्याच्याकडे जपण्यासारखं काय आहे आणि किती डोळे त्याच्यावर आहेत, ते आधी मोज. मग 'संशयी' हा शब्द तुला त्याच्यावर अन्याय करणारा वाटेल. दुष्काळाबद्दल एक सांगते. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी तू आजी-आजोबांकडून ऐकल्या असशील, सोलापूर जिल्ह्यात त्या घरोघरी आहेत. त्या वाचताना सोबत असू देत, पण उत्तरात त्या आल्या तर पुस्तकाकडे परत ये. वाडी ओस पडते तेव्हा माडगूळकर आवाज चढवत नाहीत. वाक्यं तशीच साधी, आखूड राहतात. त्या संयमानं तुझ्यावर काय परिणाम झाला, ते लिहिण्याजोगं आहे.

आता कविता. बालकवींच्या 'औदुंबर'पुढे तू 'निसर्गवर्णन' लिहिलंस आणि खाली गाइडमधलं 'मृत्यूचे प्रतीक'. या दोन शेऱ्यांच्या मधली वाट तू चाललीच नाहीस. आठच ओळींची कविता, पाठ करून टाक. नजर कशी सरकते बघ. दोन्ही तटांवर हिरवाळी, मधून निळासावळा झरा, पलीकडे चार घरांचं गाव, दाट शेतमळे. मग एक पांढरी पायवाट, अडवीतिडवी, आणि ती 'हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे'. विस्तीर्ण दृश्य आवळत आवळत एका डोहाशी येतं. रंगही हिरव्या-निळ्याकडून काळ्याकडे जातात. आता माणूस शोध. गाव आहे, पायवाट आहे म्हणजे पावलंही पडली असणार, पण माणूस एकही नाही. आणि शेवटी माणसासारखं कोण बसलंय, तर झाड: 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.'

हे फक्त निसर्गवर्णन असेल तर ती वाट नेमकी काळ्या डोहाकडेच का जाते? आणि फक्त मृत्यू असेल तर कवी त्या काळिम्याला 'गोड' का म्हणतो? या दोन प्रश्नांमध्ये अडकून पडणं म्हणजेच कवितेचं विश्लेषण. आपल्याकडे अक्कलकोट-गाणगापूरची वारी करणाऱ्यांना औदुंबर म्हटलं की दत्तगुरू आठवतात, आणि त्या झाडात ध्यानस्थ योगी दिसणं स्वाभाविक आहे. तो अर्थ घ्यायला हरकत नाही, फक्त कुठल्या ओळीच्या आधारावर घेतलास ते दाखव. माझं मत विचारशील तर मला क्रियापदं महत्त्वाची वाटतात: झरा वाहतो, वाट चालते, आणि तो एकटा बसलाय. चालत्या जगाच्या कडेला न हलता असणं, एवढंच मला त्यात दिसतं, आणि तेवढं मला पुरतं. तुला वेगळं दिसलं तर मला आनंदच होईल. बालकवी १९१८ साली अवघ्या २७ व्या वर्षी रेल्वेच्या अपघातात गेले, ही माहिती मात्र कवितेच्या अर्थात मिसळू नकोस. कविता लिहिणाऱ्याला ती ठाऊक नव्हती.

हाच नियम आपल्या सोलापूरचे कवी कुंजविहारी यांच्या 'भेटेन नऊ महिन्यांनी' या कवितेला लाव. सोलापूरच्या माणसाला ती वाचताना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवणारच. त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. 'देशभक्ती' हा शेरा म्हणून हातात तयारच असतो. पण ऐक, बोलतोय कोण आणि कुणाशी? फाशी जाणारा मुलगा आईची समजूत घालतोय. मरणार तो आहे आणि धीर आईला द्यायचाय. तुझं विवेचन तिथून सुरू होऊ दे, देशभक्ती मागून येईलच.

समीक्षेची पुस्तकं जरूर वाच, पण स्वतःचं टिपण झाल्यावर.

तू म्हणालीस, 'आमच्या घरी तेलुगू बोलतात, मला मराठीतलं बारीकसारीक कळणार नाही.' हे मनातून काढून टाक. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत वाढलेली मुलगी घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलते. कोण कुणाशी कुठल्या ढंगात बोलतं, हे तिचा कान लहानपणापासून टिपत आलेला असतो. मास्तरची भाषा आणि धनगरांची भाषा यांतलं अंतर तू वर्गात सगळ्यांच्या आधी ओळखलं होतंस, मला आठवतंय. तो कान लिहितानाही वापर.

रविवारी सकाळी दहाला घरी ये, उन्हाच्या आत. मुंबईच्या प्रकरणांपैकी कुठलंही एक निवड आणि यमूवर एक पान लिहून आण, त्यात एकही स्वभावविशेष नको. दुर्गीसाठी पाठची बाजू कोरी ठेव, ती आपण दोघी मिळून लिहू.

तुझ्या,
बाई