हे औषधाचं की आजाराचं?

"मॅडम, हे औषधामुळे होतंय, की आजार वाढलाय?" कॅन्सरचे उपचार सुरू असलेल्या घरांतून हा प्रश्न मला सतत येतो.

एका ताईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी दर 21 दिवसांनी किमो चालू होती. कंबर आणि मांड्या आतून ठणकायच्या. "हाडांत उतरलाय," असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. डॉक्टरांना मात्र त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

दोन भेटी दुखण्यावरच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "डॉक्टरांपासून का लपवलंत?"

बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "सांगितलं तर आजार वाढला म्हणतील, नाहीतर औषध बंद करतील. दोन्ही नको."

खरी गाठ इथे होती. मी आधीच माहिती देत बसले असते, तर ती कानावरून गेली असती. भीती बोलून झाली, तेव्हाच त्या मोजायला तयार झाल्या.

कॅलेंडर पुढे ठेवलं. किमोचा दिवस पहिला धरायचा. "दुखलं तो कितवा?"

त्यांनी बोटाने घरं मोजली. "तिसरा. मागच्या वेळीही तिसराच! आणि आठव्याला थांबलं होतं."

किमोच्या दुसऱ्या दिवशी त्यांना रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन मिळायचं. त्याने अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्तपेशी बनवणारा गर, जोरात कामाला लागते आणि हाडं ठणकतात. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. औषध बंद झालं नाही.

औषधाचा त्रास बऱ्याचदा असा डोसच्या तालावर येतो-जातो. पण या तालावरून घरीच निदान करू नका. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा त्रास तर उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही उपटू शकतो. एका पायाला सूज येऊन दुखू लागलं तर ती रक्ताची गुठळी असू शकते, आणि तिला आजार व औषध दोन्ही कारणीभूत ठरतात. पाठदुखीसोबत पायांतली ताकद गेली, लघवी अडली किंवा आवरेना, धाप लागली, तर कारण शोधत थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. किमोत 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला तरी तसंच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी घेऊन तो दाबू नका. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

चौथ्या डोसनंतर ताईंचा फोन आला. "मॅडम, आज नववा दिवस. ताप 38.3. डॉक्टरांना कळवलंय, आम्ही निघालोय."