एकटीने ऑस्ट्रेलियात वर्षभर: "नाही" म्हणता येईल एवढे पैसे आधी बाजूला ठेव

व्हिसाच्या सोडतीत तुझं नाव लागलं, मनापासून अभिनंदन. तू लिहिलं आहेस की वय २४ आहे, ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (वर्षभर फिरायचा आणि कामही करू देणारा) मिळतोय, तिथे ओळखीचं कुणी नाही आणि वर्षभर एकटीनेच राहायचं आहे. एकटेपणा किती येतो, शेतावरचं काम करावं की नाही आणि घरच्यांना काय सांगावं, हे तुझे तीन प्रश्न. मी ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्याच सोडतीतून गेले, मे २०२५ मध्ये मेलबर्नला उतरले आणि जवळजवळ पूर्ण वर्ष राहून परतले. आठवणी ताज्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या प्रश्नांच्या आधी पैशांचं सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. व्हिसासाठी साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि शिवाय परतीच्या तिकिटापुरते पैसे असल्याचं दाखवावं लागतं. बहुतेक जण ते "सुरुवातीला खर्चायचे पैसे" असं धरून चालतात. तू तसं करू नकोस. मी तिथल्या बँकेत दोन खाती उघडली आणि एकात २,५०० डॉलर टाकून त्याचं कार्ड बॅगेच्या तळाशी ठेवून दिलं. तीन आठवड्यांचं राहणं, बसचं भाडं आणि अगदीच वेळ आली तर परतीचं तिकीट, एवढ्यासाठीच ते खातं. एकट्या माणसाला वाईट ठिकाणाहून बाहेर काढायला दुसरं कुणी येत नाही, हे पैसेच काढतात. मला त्यांनीच काढलं.

मेलबर्नचे पहिले दोन महिने लवकर आटपते. तिथे तो हिवाळा असतो आणि कॅफे-रेस्टॉरंटची कामं तेव्हा कमी असतात. मी रोज पंधरा-वीस ठिकाणी रेझ्युमे देत फिरले. एका ठिकाणी "ट्रायल" म्हणून तीन संध्याकाळी पूर्ण शिफ्ट करून घेतली आणि एक पैसाही दिला नाही. नंतर नियम वाचला. काम येतं की नाही हे दाखवायला लागेल तेवढाच वेळ, तोही कुणाच्या देखरेखीखाली, बिनपगारी घेता येतो. तीन संध्याकाळी त्यात कुठेच बसत नाहीत. बारमध्ये दारू द्यायची असेल तर आरएसएचं, म्हणजे जबाबदारीने दारू देण्याच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच आठवड्यात करून टाक. टॅक्स फाइल नंबर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

आता शेतीचं. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेलं काम तीन महिने, म्हणजे ८८ दिवस करावं लागतं. दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा सोडत नसते. त्यामुळे "अठ्ठ्याऐंशी" हा आकडा तिथे प्रत्येकाच्या तोंडी असतो, आणि त्याच आकड्याच्या जोरावर काही लोक पोरांना वाटेल तसं राबवतात.

मी जुलैच्या मध्यावर क्वीन्सलंडमधल्या बंडाबर्गला गेले. रताळी, टोमॅटो, ऊस, मॅकाडेमिया, सगळी शेतीच शेती. एका वर्किंग हॉस्टेलमध्ये दोन आठवड्यांचं भाडं आणि डिपॉझिट आगाऊ भरलं. अशी हॉस्टेलं राहायला खाट देतात आणि कामही लावून देतात, निदान तसं सांगतात. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारावर दुसऱ्या दिवशीच्या नावांचा कागद चिकटवला जायचा. त्या वेळी ओट्याजवळ पंचवीस-तीस जण उभे असायचे, पण कुणी बोलत नसे. आपलं नाव आहे का बघायचं आणि बाजूला व्हायचं. अकरा दिवस माझं नाव नव्हतं. विचारलं की "उद्या नक्की". भाड्याचे पैसे मात्र उद्यावर थांबत नव्हते.

बाराव्या दिवशी टोमॅटो तोडायचं काम लागलं. पहाटे साडेपाचला गाडी निघायची. टोमॅटोच्या झाडाला बारीक लव असते, तिचा हिरवट काळा चिकट थर हातावर बसतो. पहिल्या दिवशी हात धुवायला गेले तर साबणाचा फेस पिवळाजर्द झाला. तीन वेळा धुऊनही नखांच्या कडा हिरव्याच राहिल्या. या कामाचं मला काही वाटलं नाही. कंबर आठवडाभर दुखते, मग सवय होते. खरी गोष्ट शुक्रवारी कळली. पैसे बादलीमागे आणि रोख, पेस्लिप नाही. मी तास मांडून हिशोब केला तर ताशी सोळा डॉलरही पडत नव्हते.

हे नियम पाठ करून जा. शेतावर मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला सगळे माहीत असतात, पण आपल्याला माहीत नसतील असं तो धरून चालतो. १ जुलै २०२५ पासून किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर होतं आणि कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ डॉलरच्या थोडं वर. हा दर दर वर्षी जुलैत बदलतो, त्यामुळे निघताना ताजा आकडा बघून घे. फळं-भाज्या तोडणाऱ्यांना बादलीमागे पैसे देता येतात, पण एप्रिल २०२२ पासून तिथेही तासाच्या किमान पैशांची हमी आहे. बादल्या कमी भरल्या तरी तेवढे द्यावेच लागतात. पगार झाला की एका कामाच्या दिवसात पेस्लिप मिळायला हवी, आणि तेच कागद पुढे ८८ दिवसांचा पुरावा म्हणून लागतात. पेस्लिप नसेल तर पैसेही गेले आणि दिवसही गेले. तक्रार फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या हक्कांसाठीच्या सरकारी संस्थेकडे करता येते, नाव न सांगताही कळवता येतं. व्हिसाची भीती दाखवून एखाद्याला पिळणं हा १ जुलै २०२४ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे.

हे सगळं मला त्या शुक्रवारी माहीत होतं. पण नुसतं माहीत असून भागत नाही. माझ्या वरच्या बंकवर एक मुलगी होती, तिला माझ्यापेक्षा जास्त नियम माहीत होते. तिच्याकडे नव्वद डॉलर उरले होते. पुढच्या हॉस्टेलचं डिपॉझिट भरता येत नाही म्हणून ती राहिली आणि त्याच बादल्या भरत राहिली. मी रविवारी सकाळी बॅगेतलं दुसरं कार्ड काढलं, ठेकेदाराला "मी उद्यापासून येणार नाही" एवढा मेसेज केला आणि गावातल्या दुसऱ्या हॉस्टेलमध्ये गेले. माझं डिपॉझिट बुडालं. पुढचे पाच दिवस पॅकिंग शेडना स्वतः फोन लावले, दोन ठिकाणी जाऊन उभी राहिले. सहाव्या दिवशी एका रताळ्याच्या शेडमध्ये तासावर काम मिळालं, पेस्लिपसकट. डिसेंबरपर्यंत तिथेच होते आणि माझे ८८ दिवस तिथेच भरले. ती मुलगी सोबत आली नाही याची मला आजही चुटपुट आहे. थोडे पैसे उसने देऊ शकले असते, तेव्हा सुचलं नाही.

म्हणून तुला माझं उत्तर असं की शेतीचं काम जरूर कर, पण बाहेर पडायचे पैसे हातात असतील तरच त्या गावात पाऊल टाक.

राहण्याच्या जागेबद्दल एक गोष्ट राहिली. बंडाबर्गपासून जवळच चिल्डर्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका बॅकपॅकर हॉस्टेलला जून २००० मध्ये आग लागली आणि १५ जण गेले. तुझ्या-माझ्याच वयाची, फळं तोडायला आलेली पोरं. आज तिथे त्यांचं स्मारक आहे, मी एका रविवारी मुद्दाम गेले होते. तेव्हापासून कुठल्याही हॉस्टेलमध्ये सामान ठेवायच्या आधी मी धुराचा अलार्म कुठे आहे, खिडकी उघडते का, मागचं दार कुलूपबंद तर नाही ना, हे बघते. दोन मिनिटं लागतात. तूही बघ.

आता एकटेपणा. माझा अनुभव असा की तो पहिल्या महिन्यात येत नाही. तेव्हा सगळंच नवीन असतं आणि डॉर्ममध्ये आठ जण असतात. तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो. तीन आठवडे जिच्यासोबत जेवलो, जिला सगळं सांगितलं, ती एका सकाळी पुढच्या गावाला निघून जाते आणि तिच्या खाटेवर दुसरी कुणीतरी येते. तीही "कुठून आलीस, किती दिवस झाले" हेच विचारते. पाचव्या-सहाव्या वेळेला मला उत्तर द्यायचाही कंटाळा आला. मी लोकांशी बोलणं कमी केलं आणि सुट्टीचे दोन्ही दिवस खाटेवर फोन बघत काढले. त्यातच ताप आला. रात्री अंग फणफणलेलं, खोलीत सात माणसं, आणि पाणी आणून दे म्हणावं असं एकही नाही. वर्षातली सगळ्यात वाईट रात्र ती. (आपल्याला तिथलं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, लागू होत नाही. विमा घेऊनच जा. डॉक्टरचे पैसे आधी मी भरले आणि नंतर विमा कंपनीकडून परत घेतले, म्हणजे त्या बाजूला ठेवलेल्या खात्याचा तोही उपयोग झाला.)

त्यातून मला बाहेर काढलं ते पार्करनने. दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर धावायचं किंवा चालायचं, पैसे पडत नाहीत, आणि ऑस्ट्रेलियात अगदी लहान गावांतही असतं. क्वीन्सलंडमध्ये सकाळी सातला सुरू होतं. मी चालायचेच. पहिल्या शनिवारी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी शेवटच्या वळणावर उभ्या असलेल्या पिवळ्या जॅकेटमधल्या आजी म्हणाल्या, "मागच्या आठवड्यापेक्षा आज लवकर आलीस." कुणीतरी माझा मागचा आठवडा लक्षात ठेवला होता! मी पुढे जाऊन अक्षरशः रडले. प्रवासी येतात आणि जातात, गावातली माणसं तिथेच असतात. म्हणून एखादी जागा धर, वाचनालय, पार्करन, काहीही, आणि दर आठवड्याला त्याच वेळी तिथे जा.

आणि सुख? तेही भरपूर आहे, पण ते ठरवून येत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मी बंडाबर्गजवळच्या मॉन रेपो किनाऱ्यावर कासवं बघायला गेले. नोव्हेंबर ते मार्च रेंजर रात्री गटागटाने नेतात, तिकीट आधी काढावं लागतं. टॉर्च लावायची नाही, बोलायचं नाही. तास-दीड तास काहीच घडलं नाही. मग लाटेतून एक काळा खडक वर सरकला. लॉगरहेड कासवीण होती. मागच्या पायांनी ती वाळू अशी उचलून टाकत होती की जणू ओंजळीने काढतेय, एक पाय मग दुसरा पाय. खड्डा झाल्यावर अंडी पडायला लागली, ओली, पांढरी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, शंभराहून जास्त. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. सोबत कुणी असतं तर मी कुजबुजले असते, फोटोची चिंता केली असती. एकटी होते म्हणून नुसती बघत बसले. शेडमधून पाठ मोडून आले होते, त्याचीही आठवण राहिली नाही.

नंतरचे महिने क्वीन्सलंडमधल्याच एअर्ली बीचला एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग केलं. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, एवढं लक्षात ठेव. कमाईचं म्हणशील तर पहिल्या डॉलरपासून ४५,००० पर्यंत १५ टक्के टॅक्स कापला जातो. मालक पगारावर वेगळे १२ टक्के सुपर (निवृत्तीचा फंड) भरतो, पण देश सोडताना ते काढलं की त्यातले ६५ टक्के सरकार घेतं. म्हणून सुपर हिशोबात धरूच नकोस. मी गेले तेवढेच पैसे घेऊन परत आले, वर थोडे. पैसे साठवायला म्हणून कुणी जात असेल तर मी त्याला आधी नीट विचार कर म्हणेन.

राहिले घरचे. मी त्या पहिल्या हॉस्टेलबद्दल घरी चकार शब्द काढला नाही, सगळं सुरळीत झाल्यावर सांगितलं. आईला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. "तू अकरा दिवस माझ्याशी खोटं हसत होतीस," म्हणाली. त्यानंतर मी पद्धत बदलली. राहण्याचा पूर्ण पत्ता, कामाच्या ठिकाणाचं नाव आणि दर आठवड्याच्या रोस्टरचा (कामाच्या वेळापत्रकाचा) फोटो घरी पाठवायला लागले. वाईट काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं आणि सोबत हेही सांगायचं की पुढे काय करणार आहे. क्वीन्सलंड आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे आणि तिथे घड्याळ वर्षभर बदलत नाही, त्यामुळे रविवारची एक वेळ ठरली ती ठरली. बाबा काळजी करायचे ते करतच राहिले. आई मात्र रोस्टर वाचायला शिकली. शेवटी शेवटी तर मलाच विचारायची, "गुरुवारी तुझी सुट्टी होती ना, मग कामावर का बोलावलं?"