आंब्याची कलमं कराराने देऊन गुवाहाटी गाठू नका

देवगडच्या एका ताईंचं पत्र आहे. गेट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर त्यांना आयआयटी गुवाहाटीत एम.टेक.ला जागा मिळतेय. सध्या रत्नागिरीत २४,००० ची नोकरी, खोली-जेवण जाऊन महिन्याला ९,००० शिल्लक पडतात. साठलेले ७०,००० आहेत. फी, वसतिगृह, मेस, प्रवास धरून दोन वर्षांचा खर्च त्यांनी ४,६०,००० काढलाय. बाबा म्हणतात, कलमं तीन वर्षं कराराने देऊ, ठेकेदार ४ लाख एकरकमी देतोय. जावं का?

ताई, जा. पण कलमांना हात लावू नका.

गेटवाल्यांना महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं; त्याबदल्यात आठवड्याला आठ तास विभागाचं काम. २४ महिन्यांचे झाले २,९७,६००. खर्चातले उरले १,६२,४००. बुडणारी बचत २,१६,००० धरली तर ही पदवी तुम्हाला ३,७८,४०० ला पडते. पण खिशातून काढायचे आहेत ते १,६२,४०० च. त्यासाठी चार लाख कशाला उभे करायचे?

बाबांना उचलीची रक्कम दिसतेय, मला झाडं दिसतायत. तीनच वर्षं हातात असलेला माणूस जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याशी कल्टार, म्हणजे मोहोर लवकर आणणारं औषध, ओतताना हात आखडता घेत नाही. मोहोर लवकर येतो, पेटी आधी बाजारात जाते, पैसा त्याचा होतो. शेणखत घालणं, बांडगुळं काढणं यात त्याला काय रस? चौथ्या वर्षी दमलेली कलमं बाबांच्या पदरात. सगळेच ठेकेदार असे नसतात, पण तुमचा कसा निघेल यावर मी तरी पैज लावणार नाही.

त्यापेक्षा दोन लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून घ्या आणि लागेल तेवढंच उचला. चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, बाबा सहकर्जदार म्हणून सही करतील. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, तोवर सरळव्याज. १० टक्के दर धरला तर पूर्ण दोन लाख उचलल्यावरही महिन्याला सोळाशे-सतराशे. ते विद्यावेतनातून भरत राहा, म्हणजे मुद्दल फुगणार नाही. मुलींना व्याजात अर्ध्या टक्क्याची सूट अनेक सरकारी बँका देतात, शाखेत आठवणीने विचारा. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली ८०ई ची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तिच्यासाठी जीव टाकू नका.

७०,००० मात्र मोडू नका. विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून वेळेवर पडेलच असं नाही, आणि मेसवाला थांबत नाही.

तुमच्या प्रवासखर्चात मला वर्षाला एकच फेरी दिसली, मे महिन्यातली. चतुर्थीला घरी येणार नाही म्हणता? कोकणातल्या माणसाचा हा शब्द मी हिशोबात धरत नाही. गुवाहाटी ते मुंबई दोन दिवस, पुढे कणकवली, आणि गणपतीची तिकिटं ६० दिवस आधी खिडकी उघडताच संपतात. दोन्ही वर्षांची ती फेरी आत्ताच खर्चात घाला आणि कर्जाचा आकडा त्यानंतर बँकेला सांगा.