पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ ते एक्समाउथ किनाऱ्याने, दोघांनी तंबू घेऊन 14 दिवसांत : काय तयारी लागते?

जून ते ऑगस्टमधला बेत आहे, आणखी उत्तरेला ब्रूमपर्यंत जावं का आणि फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. ब्रूम सोडा. पर्थ ते एक्समाउथ सरळ अंतर सुमारे 1,250 किमी, पण कालबारी, डेनहॅम, कोरल बे असे फाटे धरले की येऊन-जाऊन तीन हजारांच्या वर जातं. 14 दिवसांना तेवढं पुरे. फोर-व्हील-ड्राइव्हही नको. एक्समाउथजवळच्या केप रेंज राष्ट्रीय उद्यानात यार्डी क्रीकपर्यंत डांबरी रस्ता आहे. फक्त डेनहॅमजवळच्या फ्रांस्वा पेरोन उद्यानात जुन्या होमस्टेडच्या (शेतघराच्या) पुढे साधी गाडी चालत नाही, तेवढं वगळा.

सगळे उन्हाची तयारी करतात, पण इथे दमवतो तो वारा. जेराल्डटनच्या अलीकडे ग्रीनो गावात रस्त्याकडेची निलगिरीची झाडं जमिनीला समांतर वाढलेली दिसतील. दक्षिणेकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने ती अशी आडवी झाली आहेत. तुमचा तंबू त्याच वाऱ्यात उभा राहणार आहे. तंबूबरोबर मिळणारे बारीक खुंटे वाळूत उपटतात आणि केप रेंजच्या कडक चुनखडी जमिनीत वाकतात, म्हणून दोन प्रकारचे घ्या : वाळूसाठी रुंद पात्याचे, कडक जमिनीसाठी 30 सेंमीचे जाड पोलादी, आणि हातोडी. वाळूतले खुंटे कमी पडले तर कापडी पिशवीत वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरा. ती सहसा हलत नाही. तंबूची बुटकी बाजू दक्षिणेला, दार उत्तरेला. मोठी छत्री किंवा गझिबो आणूच नका.

केप रेंजमधल्या तंबूच्या जागा 180 दिवस आधी ऑनलाइन खुल्या होतात आणि जुलैच्या शाळेच्या सुट्टीतल्या पटापट जातात. आधी त्या तारखा मिळवा, मग बाकीची आखणी. उद्यानात प्यायचं पाणी नाही आणि शेकोटी पेटवता येत नाही. दोघांना प्यायला-शिजवायला दिवसाला 10 लिटर, धुण्या-पुसण्याला 5 धरा. तीन रात्रींसाठी 20 लिटरचे तीन कॅन एक्समाउथमध्ये भरून घ्या आणि डिकीत खाली ठेवा. 60 किलो वजन टपावर चढवलं तर वळणावर गाडी झोलते.

स्वयंपाकाला 220 ग्रॅमच्या ब्युटेन डब्याची एकशेगडी पुरते. मोठ्या आचेवर एक डबा दीड-दोन तास चालतो, 14 दिवसांना सात-आठ लागतील. विमानातून ते नेता येत नाहीत, पर्थमध्ये घ्या. कुकर न्याच, पण 2-3 लिटरचाच. पसरट भांड्याची धग खाली डब्याकडे वळते, डबा तापतो, सुरक्षा-झडप गॅस तोडते आणि शेगडी बिघडली असं वाटतं. वरण-भात एकाच कुकरात लावला की गॅसही वाचतो, पाणीही. घरून मसाले नेणार असाल तर ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या प्रवासी-कार्डावर लिहा. ताजा कढीपत्ता नेऊ नका.

12 व्होल्टचा 40 लिटर फ्रिज दिवसाला साधारण 30 ॲम्पियर-तास खातो. 100 ॲम्पियर-तासांची लिथियम बॅटरी त्यावर तीन दिवस निघते. तेवढ्याच शिशाच्या बॅटरीतून निम्मंच वापरता येतं. नेहमीची तक्रार अशी की बॅटरी भरलेली असूनही फ्रिज बंद पडतो. दोष बहुतेक वेळा वायरचा असतो. सिगारेट-सॉकेटच्या बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि फ्रिजला बॅटरी संपल्यासारखं वाटतं. गाडी ताब्यात घेतानाच जाड वायरची जोडणी मागा. ती नसेल तर फ्रिजचं कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला तो आपोआप बंद होतो) सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा.

सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामावर पोचा. संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या बऱ्याच गाड्यांना गावाबाहेर रात्री चालवल्यास विमा लागू होत नाही. रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक) 36 मीटर किंवा त्याहूनही लांब असतात, त्यामुळे ओव्हरटेकला समोर किमान किलोमीटरभर रस्ता मोकळा हवा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की दिसेल त्या रोडहाउसवर (रस्त्याकडेच्या पंपावर) भरा. ओव्हरलँडर आणि मिनिल्या ही दोन रोडहाउस चुकवू नका. फोनला टेल्स्ट्राचं सिम घ्या, तरी मधल्या पट्ट्यात रेंज जाईलच. नकाशे आधी उतरवून ठेवा.

केप रेंजमधल्या टर्क्वॉइज बेमध्ये पोहायला जाल तेव्हा ड्रिफ्टच्या (प्रवाहाबरोबर वाहत जायच्या) बाजूला दक्षिणेकडे काही शे मीटर चालत जाऊन मग पाण्यात उतरा. प्रवाह तुम्हाला प्रवाळांवरून अलगद उत्तरेकडे नेतो. पुढे वाळूचा दांडा लागतो, त्याच्या बऱ्याच आधी काठाला या, कारण दांड्यापलीकडे पाणी प्रवाळभिंतीतल्या खिंडीतून उघड्या समुद्रात खेचतं. दोघांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहा, आणि पोहणं कच्चं असेल तर शेजारच्या शांत खाडीच्या बाजूलाच उतरा. मासे तिथेही भरपूर दिसतात.