चिंगीचा खर्च परवडतो, ती 'दुसरी एफडी' परवडत नाही

भुसावळहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. वय 63, पती हयात नाहीत, मुलगी पुण्यात नोकरीला. पेन्शन 38 हजार. घरात 14 वर्षांची मांजर आहे, चिंगी. तिची किडनी हळूहळू निकामी होतेय, बीपीही वाढलंय. तिच्यावर महिन्याला साडेसहा हजार जातात. ताई लिहितात : 'पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजनेतली 5 लाखांची ठेव मोडू, की पर्सनल लोन घेऊ? सहा महिन्यांत किडनी सुधारली की खर्च थांबेल. बँकेतल्या दुसऱ्या एफडीला हात लावायचा नाही. तिच्यात मी दरवर्षी 2 लाख भरते, 15 वर्षांनी 31 लाख मिळणार आहेत.'

ताई, ठेव मोडू नका आणि कर्जही घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो आणि तुमच्याकडून त्या एफडीचे कागद मागवून घेतले. दरवर्षी हप्ता मागते ती एफडी नसते. तुमच्या हातात आहे ती आयुर्विमा पॉलिसी. डिसेंबर 2024 मध्ये जुनी ठेव पिकली तेव्हा बँकेतल्या साहेबांनी 5 लाख पोस्टात ठेवू दिले आणि उरलेल्या पैशांतून ही गळ्यात मारली. 10 वर्षं हप्ते, पैसे 15 वर्षांनी. म्हणजे तुमच्या वयाच्या 76 व्या वर्षी.

20 लाख भरून 31 लाख मिळणार हे ऐकायला छान वाटतं. 15 वर्षांचा हिशोब मांडला तर परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आत आहे. तुमच्याच पोस्टातल्या ठेवीवर 8.2 टक्के मिळतात. 'करबचत होते' असंही तुम्हाला सांगितलं होतं. वर्षाला 5 लाखांच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत तुम्हाला कर लागतच नाही, मग वाचवायचं काय? विमा असतो तो आपल्या मागे ज्यांचं पोट आपल्यावर आहे त्यांच्यासाठी. तुमची मुलगी कमावती आहे. 61 व्या वर्षी एका विधवा शिक्षिकेला ही पॉलिसी विकणाऱ्याने तुमच्या गरजेचा विचार केलेलाच नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. अर्जात तुमचं वार्षिक उत्पन्न 12 लाख लिहिलंय. 'कंपनीचा फोन आला की फक्त हो म्हणा' हेही तुम्हाला सांगितलं होतं. अशा विक्रीची ही नेहमीची पद्धत आहे.

आता महिन्याचा हिशोब बघा. पेन्शन 38 हजार, पोस्टाचं व्याज तिमाहीला 10,250, म्हणजे महिन्याला 3,400. एकूण 41,400. घरखर्च 18 हजार, चिंगी साडेसहा हजार आणि हप्त्यासाठी बाजूला काढलेले 16,700. बेरीज 41,200. हातात 200 रुपये. म्हणून तुम्ही तिची रक्ततपासणी दोनदा पुढे ढकललीत आणि किडनीच्या खास खाद्यात दूधभात मिसळायला लागलात. तुम्हाला वाटतं मांजरामुळे ओढाताण होतेय. ओढाताण त्या हप्त्यामुळे होतेय.

पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत कधीच संपली. पण ऑक्टोबर 2024 नंतरच्या पॉलिसींना सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून पैसे परत घेण्याचे, नवे नियम लागू आहेत, पहिल्या वर्षानंतरही काहीतरी परत मिळतं. तुम्ही 4 लाख भरलेत. हमीचा आकडा भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार. विशेष सरेंडर मूल्य त्याहून बरंच जास्त निघायला हवं, माझ्या अंदाजाने अडीच लाखांच्या आसपास. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. दीड लाख बुडणार, आणि ते मनाला लागणार. पण ते गेलेलेच आहेत. पुढचे 16 लाख भरलेत तरी त्यांच्यावर पावणेपाच टक्केही सुटत नाहीत. पॉलिसी पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता, तशीच ठेवली तर 76 व्या वर्षी साधारण 6 लाख मिळतील. 13 वर्षांनंतरचे 6 लाख आजच्या हिशोबात सरेंडरपेक्षा फार वेगळे नाहीत. तुम्हाला पैसा आत्ता लागतोय, म्हणून मी सरेंडर म्हणतो.

त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करा : एफडी म्हणून विकली, उत्पन्न खोटं लिहिलं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करा. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतील असं मी म्हणणार नाही. त्या आशेवर पुढचा हप्ता मात्र भरू नका.

आता चिंगी. ताई, तिची किडनी सुधारणार नाही. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमीचा आहे आणि लक्षणं दिसेपर्यंत किडनीचा बराचसा भाग गेलेला असतो, गेलेला भाग परत येत नाही. खाद्य, बीपीची गोळी आणि सलाइन यांनी आजार मंदावतो आणि तिचे दिवस बरे जातात. म्हणून सहा महिन्यांचा नाही, दोन-तीन वर्षांचा हिशोब धरा. वर्षाला 80 हजार म्हटले तर दीड ते अडीच लाख. ते तुम्हाला परवडतात. 'मांजरावर कोणी एवढं घालतं का' असं गल्लीत विचारतात म्हणून तुम्ही अपराध्यासारखं लिहिलंय. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणारी माणसं आपण. मुलगी शाळेत असताना घरात आलेल्या जिवाचं शेवटपर्यंत करणं ही उधळपट्टी नाही.

खर्च कमी होण्यासारखी एक जागा आहे. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेऊन सलाइन देता, त्याचे महिन्याला 2 हजार जातात. त्यात बाटली स्वस्त असते, पैसे भेटीचे असतात. कातडीखाली सलाइन कसं द्यायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. पुष्कळ लोक घरी देतात, मग खर्च 500 वर येईल. बीपीची गोळी माणसांचीच असेल तर डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, जनऔषधीत स्वस्त मिळेल. मात्रा मात्र त्यांनी सांगितलेलीच. घरातली पॅरासिटामॉल तिला चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे. दूधभात बंद करा, ते खाद्यच तिचं औषध आहे. भुसावळच्या उन्हात पाण्याची भांडी घरभर ठेवा.

एजंटने सुचवलेला प्राण्यांचा विमा घेऊ नका. असलेला आजार त्यात धरत नाहीत, आणि 14 व्या वर्षी नव्याने विमा मिळणंच कठीण.

विमा हवाय तो तुम्हाला. तुम्हालाही बीपी आहे, एकट्या राहता, आणि आरोग्य विमा नाही! पत्रात याबद्दल एक शब्दही नाही. 5 लाखांच्या पॉलिसीला या वयात वर्षाला 25 ते 30 हजार धरा. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी नाही. बीपी अर्जात स्पष्ट लिहा. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं, म्हणून आजच सुरुवात करा. सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड मिळेल, पण मधली 7 वर्षं मोकळी सोडता येणार नाहीत.

नवा हिशोब : घर 18 हजार, चिंगी 5 हजार, तुमचा विमा अडीच हजार. महिन्याला जवळपास 15-16 हजार शिल्लक. सरेंडरच्या पैशांतले 60 हजार चिंगीच्या शेवटच्या महिन्यांसाठी वेगळे ठेवा, तेव्हा खर्च एकदम वाढतो. कुठवर उपचार करायचे आणि कधी थांबायचं हे डॉक्टरांशी आत्ताच, ती खाते-पिते आहे तोवर बोलून घ्या. बाकीचे पैसे तुमच्या स्वतःच्या अडीअडचणीला राहू द्या. पोस्टातली ठेव आज मोडलीत तर दीड टक्का, म्हणजे साडेसात हजार कापले जातील, आणि महिन्याचे 3,400 कायमचे बंद होतील.

डिसेंबरच्या हप्त्यासाठी बचत खात्यात 95 हजार जमवलेत असं तुम्ही लिहिलंय. उद्या बँकेत जाऊन हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यातल्याच पैशांतून या आठवड्यात चिंगीची राहिलेली रक्ततपासणी करून घ्या.