'संसार' म्हणजे आपल्याकडे घरसंसार, हिंदीत जग आणि मलयाळममध्ये म्हणे बोलणं. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

हो, मलयाळमचं तुम्ही ऐकलंय ते खरंच आहे. मी कामानिमित्त काही महिने कोचीला होते, तिथे पहिल्याच आठवड्यात एका रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "मलयाळम संसारिक्कुमो?" मला त्यातलं फक्त संसार ऐकू आलं आणि वाटलं घरच्यांची चौकशी करतायत, पण ते विचारत होते मलयाळम बोलता का. तिथे संसारम म्हणजे बोलणं, गप्पा. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबतेच.

मूळ संस्कृत आहे. 'सृ' म्हणजे सरणं, वाहत जाणं, त्याच धातूतून सरिता, प्रसार, अनुसरणं हे आलेत. त्याला 'सम्' लागला आणि संसार झाला, म्हणजे सतत फिरत राहणं, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात. हिंदू, बौद्ध, जैन तिघांकडे हा शब्द याच अर्थाने आहे आणि तिघांनाही त्यातून सुटायचंय. जैनांमध्ये तर जीवांचे दोनच मोठे प्रकार, संसारी आणि मुक्त, म्हणजे संसारी तो अजून अडकलेला. आणि आपल्याकडे "ती फार संसारी आहे हो" ही कौतुकाची पावती! मला हा फरक फार म्हणजे फारच आवडतो.

आता जन्ममरणाचा फेरा जिथे चालतो ते जग, म्हणून हिंदीत सारा संसार म्हणजे सगळं जग. दुसरीकडे संन्यास घेतला नाही तो संसारात राहिला, म्हणजे बायको-मुलं, चूलबोळकी. हा अर्थ आपण धरला, बंगालीनेही धरला (ते शोंशार म्हणतात), कन्नडमध्ये "संसार समेत" म्हणजे कुटुंबासकट, आणि तमिळमध्ये तर संसारम म्हणजे सरळ बायको. चेन्नईत आमच्या शेजारचे आजोबा माझ्या नवऱ्याला विचारायचे की तुमचं संसारम कुठे दिसत नाही, म्हणजे मी कुठे आहे 🙂 आता तरुण मंडळी असं कमी बोलतात.

समुद्रापलीकडे गेलात तर अजून वेगळं. इंडोनेशियात आणि मलेशियात तोच शब्द सेंगसारा झालाय आणि त्याचा अर्थ हालअपेष्टा, दुःख. थाई भाषेत सोंगसान म्हणजे कुणाची तरी कीव येणं, जीव कळवळणं. बौद्ध शिकवणीत संसार दुःखाने भरलेला, तेव्हा त्यात अडकलेल्याबद्दल वाटणारी दया हा अर्थ काही लांबचा नाही.

पण मराठीने एक पाऊल पुढे टाकलंय असं माझं मत आहे. आपल्याकडे संसार ही वस्तूसुद्धा आहे, हातात धरता येते. घर बदलताना सगळा संसार टेम्पोत जातो, पोरी भातुकलीचा संसार मांडतात, आग लागली की पेपरात "संसारोपयोगी साहित्य जळून खाक". २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला तेव्हा पाणी उतरल्यावर मी मावशीकडे गेले होते. तिने एकेक भांडं धुऊन गच्चीवर उन्हात लावलं होतं, पिठाचा डबा, परात, पोळपाट, लग्नात मिळालेला नाव घातलेला तांब्या, मिक्सरच्या भांड्यात अजून गाळ होता. मला म्हणाली, "बघ गं, एवढाच राहिला संसार." जो शब्द ऋषीमुनींनी सोडून द्यायच्या गोष्टीसाठी वापरला तोच ती चिखलातून काढून पुसत होती, आणि मला तिथे त्याचा दुसरा कुठला अर्थ सुचलाच नाही.

तुम्हाला हिंदीत बोलताना आपला अर्थ सांगायचा असेल तर गृहस्थी म्हणा, "मेरा संसार" म्हटलं तर ऐकणारा माझं जग असं समजू शकतो. आणि प्रपंच चुकूनही वापरू नका, हिंदीत प्रपंच रचना म्हणजे डाव रचणं!